पॉइंटच्या उजवीकडे

रिझल्ट लागला की होस्टेलच्या जिन्यात जरा उभे राहून बघा. ८.८५ वाला ८.९ वाल्याकडे ज्या नजरेने बघतो, ती बघण्यासारखी असते. वर्षभर एकाच पातेल्यातली मॅगी खाल्ली, सबमिशनच्या रात्री एकाच जर्नलवरून दोघांनी छापले, आणि शेवटी पाच शतांशांनी घात केला! पण या सगळ्या रडारडीत एक गोष्ट कधीच होत नाही. ८.८५ वाला असे म्हणत नाही की, "पंच्याऐंशी नवापेक्षा मोठे, म्हणजे मीच पुढे."

का म्हणत नाही? कारण दशांश अपूर्णांक आपल्या अंगात इतके मुरले आहेत की ते आपण कधी शिकलो हेसुद्धा आठवत नाही. मित्रांनो, हा लेख ज्यांच्या अंगात ते मुरले नाहीत त्यांच्याबद्दल आहे. आणि थोडा माझ्याबद्दलही, कारण मला एका गोष्टीची लाज वाटते आणि ती एकदा लिहून टाकायची आहे.

सेकंड इयरच्या सुट्टीत मी चाकण भागातल्या एका लहान कारखान्यात ट्रेनिंगला जात होतो. मोठ्या गाडी कंपन्यांना पार्ट पुरवणारे असे कारखाने भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत, नाव सांगायची गरज नाही. तिथे इन्स्पेक्शनच्या टेबलावर ठेकेदाराकडून आलेला एक मुलगा बसायचा. साधारण माझ्याच वयाचा, मराठवाड्यातून आलेला, बारावी झालेला. काम सोपे. बुशचा बाहेरचा व्यास डिजिटल कॅलिपरने मोजायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा. १८.० ते १८.२ मिलिमीटरच्या आत असेल तर हिरव्या ट्रेमध्ये, नाहीतर लाल ट्रेमध्ये.

दुपारी सुपरवायझर आले तर लाल ट्रे शिगोशीग भरलेला आणि हिरव्यात मोजके पीस. रजिस्टर उघडले. १८.०७ – रिजेक्ट. १८.१२ – रिजेक्ट. १८.१६ – रिजेक्ट. सगळे आकडे नीटनेटके, वळणदार अक्षरात. मोजमाप एकही चुकलेले नव्हते. "हे का फेकले रे?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "सर, लिमिट दोन आहे ना? हे बारा आलं, हे सोळा आलं."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर दुसराच मुलगा बसला होता.

त्या दिवशी कंपनीचे नुकसान शून्य झाले. लाल ट्रे पुन्हा मोजला, संपला विषय. उलट प्रकार घडला असता तर मात्र भारी पडले असते. समजा ड्रॉइंगवर वरची मर्यादा १८.१२५ आहे आणि कॅलिपर १८.२० दाखवतो आहे. त्याच नियमाने वीस हे एकशे पंचवीसपेक्षा लहान, म्हणजे पीस पास! तो खराब बुश कुणाच्या तरी गाडीत जाऊन बसला असता.

पण नुकसान कुणाचेच झाले नाही असे तरी कसे म्हणू? नोकरी त्या मुलाची गेली. आणि कॉलेजचे ओळखपत्र गळ्यात घालून शेजारी उभ्या असलेल्या माझ्यासारख्याने पाच मिनिटे खर्चून त्याला समजावले नाही. तो मूर्ख नव्हता हे मला तेव्हाही दिसत होते. मूर्ख माणसाचे आकडे कधी असे, कधी तसे चुकतात. हा तर एका नियमाने चालला होता आणि तो नियम शेवटपर्यंत काटेकोर पाळत होता. नियमच चुकीचा होता, एवढेच.

थर्ड इयरला राष्ट्रीय सेवा योजनेतून भोसरीजवळच्या एका वस्तीत रविवारचा वर्ग घ्यायची वेळ आली, तेव्हा मी हट्टाने गणित मागून घेतले. देवळाच्या सभामंडपात पाचवी ते आठवीची मुले बसतात. कुणाचे वडील प्रेसवर, कुणाचे टेम्पोवर, कुणाची आई भाजीची गाडी लावते. पहिल्याच रविवारी फळ्यावर लिहिले: ०.६ मोठे की ०.४५? निम्म्याहून जास्त हात ०.४५ ला वर गेले. मला तो रजिस्टर लिहिणारा मुलगा आठवला. त्याची चूक बारावीनंतरची नव्हती. ती पाचवीपासून त्याच्याबरोबर चालत आली होती आणि वाटेत तिला कुणी अडवलेच नव्हते.

मग जरा वाचले. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठातल्या के स्टेसी आणि व्हिकी स्टाइनल यांनी याच विषयावर बरीच वर्षे काम केले आहे. त्यांचे म्हणणे असे, की मुले इथे वाटेल तशी चुकत नाहीत, ठरावीक पद्धतींनी चुकतात. काहींना वाटते लांब तो मोठा, म्हणून ०.४५ हे ०.६ पेक्षा मोठे. काहींना बरोबर उलटे वाटते, की शतांश दशांशापेक्षा बारीक असतात, म्हणून आखूड तो मोठा. ही दुसरी मुले ०.६ आणि ०.४५ मध्ये बरोबर उत्तर देतात आणि आपण शाबासकी देऊन पुढे जातो! त्यांना ०.३ आणि ०.७२ विचारा, मग ती ०.३ मोठे म्हणून सापडतात. आणखी काही मुले पॉइंटनंतर दोनच घरे खरी मानतात, रुपये-पैशांसारखी. त्यांना ४.४५ आणि ४.४५२ सारखेच वाटतात. म्हणजे एका प्रश्नाने काहीच कळत नाही. तीन जोड्या विचारल्या तर मूल कुठल्या वाटेने चुकते आहे ते दहा मिनिटांत कळते. आपण मशीन बिघडले की आधी बिघाड कुठे आहे ते शोधतो, हातोडा नंतर. मुलांच्या बाबतीत मात्र आधी हातोडा.

आता माझे मत सांगतो, कारण हा लेख मत मांडण्यासाठीच आहे. दशांश शिकवताना आपण तीन ठिकाणी घाई करतो.

पहिली घाई वाचण्यात. आपण "तीन पॉइंट पंचवीस" म्हणतो. तोंडातून पंचवीस हा शब्द बाहेर पडला की मुलाच्या डोक्यात पंचवीस गोट्या उभ्या राहतात, त्याला ते पाचापेक्षा मोठे वाटले तर दोष कुणाचा? पुस्तकातले "तीन पूर्णांक पंचवीस शतांश" लांबलचक आहे, पण त्यात शतांश हा शब्द आहे, आणि सगळी मेख त्याच शब्दात आहे. निदान "तीन पॉइंट दोन पाच" तरी म्हणावे. अर्थात शतांश म्हटल्यानेही सगळे सुटत नाही. शंभर दहापेक्षा मोठे, म्हणून शतांश दशांशापेक्षा मोठा असणार असे मुलांना सहज वाटते. वर्गातल्या सहावीतल्या एका मुलीने तर माझी विकेटच काढली. "दादा, एकक, दशक, शतक असतं, मग इकडे एकांश का नाही? डायरेक्ट दशांश कसा?" मी सभामंडपाच्या छताकडे बघत राहिलो. इतकी वर्षे गणित शिकलो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. होस्टेलवर येऊन विचार केला तेव्हा उत्तर सापडले. आपण समजतो की आरसा पॉइंटमध्ये आहे. तो पॉइंटमध्ये नाही, एककात आहे. एककाच्या एका बाजूला दशक आणि दुसऱ्या बाजूला दशांश, त्यांच्या पलीकडे शतक आणि शतांश. पॉइंट फक्त एकक कुठे बसला आहे ते बोटाने दाखवतो. बस्स, एवढेच त्याचे काम.

दुसरी घाई उदाहरणात. दशांश म्हटले की रुपये-पैसे आणि किलो-ग्रॅम. वरवर पाहता सोपे वाटते. पण १.२५० म्हणजे एक किलो दोनशे पन्नास ग्रॅम असे शिकलेले मूल पॉइंटच्या दोन बाजूंना दोन वेगळे संसार बघते, इकडे किलो आणि तिकडे ग्रॅम. मग त्याला १.५ दिले की ते बिनदिक्कत सांगते, एक किलो पाच ग्रॅम! भाजीच्या गाडीवर आईला मदत करणाऱ्या मुलीला मी विचारले, ०.५ मोठे की ०.२५०? म्हणाली, दोनशे पन्नासवालं. मग विचारले, अर्धा किलो जास्त की पाव किलो? तिने माझ्याकडे असे बघितले की मला माझीच कीव आली. तिला पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच सगळे येते, शिवाय हिशोब तोंडी. आपल्या जुन्या शाळांत तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकीचे पाढे असायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. पण या सगळ्या हिशोबाची वाट अर्धे करण्याची आहे, अर्ध्याचे पाव, पावाचे आणखी अर्धे. दशांशाची वाट दहा भाग करण्याची. दोन्ही वाटा कुठे भेटतात ते कुणी दाखवलेच नाही, तर मूल काट्यावरचा ०.२५० हा आकडा आणि तोंडातला पाव किलो यांचे नाते कसे जोडणार?

पैशांचे म्हणाल तर ते उदाहरणच आता जुने झाले. १ एप्रिल १९५७ ला आपल्या देशात दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे होते. त्यानंतर शंभर 'नवे पैसे' झाले, आणि १९६४ साली त्यातला 'नवे' गळून पडला. त्या पिढीने दशांश हातात धरून पाहिला. पण ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, आणि आज आपल्या वस्तीतल्या पाचवीतल्या मुलाने एक पैशाचे नाणे पाहिलेलेच नाही. जे त्याने पाहिले नाही त्याच्या आधाराने आपण त्याला शतांश शिकवायला निघतो.

तिसरी घाई युक्तीत. "शेवटी शून्य लावा, घरे सारखी करा, मग मोठे-लहान बघा." युक्ती खोटी नाही. ०.६ चे ०.६० केले, साठ आणि पंचेचाळीस, साठ मोठे, दोन मार्क. पण त्या मुलाने केले काय? पुन्हा गोट्याच मोजल्या. त्याच्या डोक्यातली जुनी समजूत तशीच सुखरूप राहिली, वर फक्त शून्याचे पांघरूण पडले. परीक्षा झाली की पांघरूण उडते. शिवाय हुशार मूल विचारतेच, की ८ पुढे शून्य लावले तर ८० होतात, मग ०.६ पुढे लावले तर काहीच कसे होत नाही? याचे उत्तर आधी, युक्ती नंतर.

मग करायचे काय? माझे म्हणणे, मोजायला द्या. दशांश मोजण्याच्या कामासाठीच वाढले आहेत. युरोपात त्यांचा प्रसार केला तो सायमन स्टेविन याने, १५८५ साली लिहिलेल्या एका छोट्या पुस्तिकेतून. तिच्या नावाचा अर्थच 'दहावा भाग'. हा स्टेविन आपल्यासारखाच इंजिनीअर होता, आणि पुस्तिका त्याने उद्देशून लिहिली होती ती जमीन मोजणारे, कापड मोजणारे, पिंपातला माल मोजणारे आणि व्यापारी यांना. प्रत्येक अंकाशेजारी तो गोलात घराचा क्रमांक लिहायचा, म्हणजे हा अंक कुठल्या घरातला ते विसरायची सोयच नाही.

मेलबर्नच्या त्या मंडळींनी यासाठी नळीचे तुकडे आणि वॉशर वापरले होते. ते वाचले आणि मी उडालोच. नळी आणि वॉशर! अहो, ही तर आपल्या घरची शेती. वर्कशॉपमधल्या मामांना गाठले. त्यांनी वायरिंगच्या उरलेल्या पीव्हीसी पाइपचे हॅकसॉने तुकडे करून दिले. एक मीटरचा पाइप म्हणजे एक. दहा सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे दशांश. एक सेंटिमीटरचा म्हणजे शतांश. आणि एम-५ चा साधा वॉशर, जाडी साधारण एक मिलिमीटर, म्हणजे सहस्रांश. तुकडे घरंगळतात म्हणून मध्ये दोरी ओवली.

पुढच्या रविवारी ०.६ आणि ०.४५ जमिनीवर मांडले. एकीकडे सहा मोठे तुकडे. दुसरीकडे चार मोठे आणि पाच छोटे. कुणी काही बोलायच्या आतच एक मुलगा म्हणाला, "अरे, हे तर लहान निघालं!" मग ०.६० मांडायला सांगितले. मुलांनी सहा मोठे तुकडे ठेवले आणि थांबली. छोटा एकही ठेवायचा नाही, हेच ते शून्य. आता ०.०६ मांडा. इथे मोठा एकही नाही आणि छोटे सहा. शून्य कुठे बसले तर फरक पडतो आणि कुठे पडत नाही, हे मला फळ्यावर महिनाभर सांगता आले नसते. शेवटी नियम मुलांनीच सांगितला, की आधी मोठे तुकडे बघायचे, ते सारखे असतील तरच छोट्यांकडे जायचे. मी एवढेच जोडले की शब्दकोशातही आपण असेच करतो. 'कमळ' हा 'कर'पेक्षा लांब शब्द आहे म्हणून मागे जात नाही. डावीकडून पहिले वेगळे अक्षर आले की तिथेच निकाल लागतो.

एकदा दहा वॉशर एकावर एक रचून शतांशाच्या तुकड्याशेजारी ठेवले तर ते थोडे कमी भरले. "दादा, तुमचे वॉशर फसवे आहेत!" मी व्हर्नियर काढला. कुठला वॉशर ०.९६, कुठला ०.९८. त्या दिवशी टॉलरन्स हा शब्द आठवीच्या पोरांना कळला, आणि शतांशाच्या पुढेही जग आहे हेही. ०.६ आणि ०.७ च्या मध्ये काहीच नसते असे छातीठोक सांगणारी मुले आता एकमेकांना कोडी घालतात.

आणि खरी गंमत पुढेच आहे. दशांश पक्के झाल्यावर मुलांनी आम्हालाच पकडायला सुरुवात केली. मी आणि माझा रूममेट, आमची उंची फळ्यावर लिहिलेली होती, त्याची ५.९ आणि माझी ५.१०. ती एकांशवाली मुलगी म्हणाली, "दादा, मग ते दादा उंच पाहिजेत. तुम्ही कसे उंच?" दुसरा म्हणाला, क्रिकेटमध्ये ४.५ ओव्हरनंतर एक बॉल टाकला की ५ कशा होतात? आणि आपल्या मेसच्या पाटीवरचे ७.३० म्हणजे साडेसात, पण गणितात साडेसात म्हणजे ७.५! आपण मोठी माणसे पॉइंट कुठेही टाकतो. फूट-इंचांत, ओव्हरमध्ये, घड्याळात, पुस्तकाच्या प्रकरणांत ३.९ नंतर ३.१०. हे सगळे पॉइंट दशांश चिन्ह नाहीत, नुसते दोन वेगळ्या मोजमापांमधले कुंपण आहेत. मूल रोज शंभर कुंपणे बघते आणि एक खरे दशांश चिन्ह. मग ते चुकते यात नवल काय? निदान हा फरक तरी वर्गात उघड बोलून दाखवावा.

होस्टेलवर या सगळ्यावर वाद होतातच. एक मित्र म्हणतो, "कॅल्क्युलेटर आहे की मोबाइलमध्ये." आहे ना, त्या मुलाच्या हातात तर डिजिटल कॅलिपर होता! आकडा यंत्राने बरोबरच दिला, अर्थ माणसाला लावायचा होता. दुसरा म्हणतो, "हे शिक्षकांचे काम, आपण कशाला लुडबूड करायची?" हा मुद्दा मी झटकून टाकत नाही. मोठ्या वर्गात अभ्यासक्रम संपवायचा, त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, अशात प्रत्येक मुलाची चूक कुठल्या जातीची ते शोधणे सोपे नाही, आणि चार रविवार शिकवून शिक्षकांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. आमचा प्रयोगही लहान आहे. चौथ्या घरानंतर पाइप कामाचे नाहीत, आणि अजूनही घाईत असली की काही मुले जुन्या सवयीवर जातात. पण आपल्याकडे पाइप आहेत, वॉशर आहेत, हॅकसॉ आहे आणि रविवार मोकळा आहे. शिक्षकांकडे यातले काहीच फुकट नाही.

म्हणून प्राध्यापक मंडळींना एक विनंती आहे. मेट्रोलॉजी लॅबमधले जुने व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वर्षातून एक शनिवार या मुलांच्या हातात द्या. तुटायची भीती आहे हे मान्य, आम्ही शेजारी उभे राहू. ज्या पट्ट्यात ही मुले वाढतात तिथे दशांश म्हणजे केवळ पाचवीचा धडा नाही. आयटीआय असो, अॅप्रेंटिसशिप असो की ठेकेदाराकडची पहिली नोकरी, तिथल्या टेबलावर पहिल्याच दिवशी कुणीतरी कॅलिपर आणि ड्रॉइंग हातात देणार आहे.

आणि मित्रांनो, तुम्हालाही. रविवारी सकाळी दहा वाजता गेटवर या. येताना रिकाम्या हाताने आलात तरी चालेल, फक्त "तीन पॉइंट पंचवीस" म्हणायची सवय होस्टेलवर ठेवून या.

त्या इन्स्पेक्शन टेबलावरच्या मुलाचे पुढे काय झाले मला माहीत नाही. कुठे भेटला तर माझ्या सॅकमध्ये हल्ली सहा मोठे तुकडे आणि थोडे वॉशर असतात. १८.१६ आणि १८.२ जमिनीवर मांडून दाखवायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. त्या दिवशीही लागली नसती.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)